चाहत्यांच्या क्लबात निवडून कोणाला द्यायचं?

जानेवारी २०२५ मध्ये फ्लोरेन्तिनो पेरेझ रेआल माद्रिद या स्पेनमधल्या फुटबॉल क्लबाच्या अध्यक्षपदी पुन्हा निवडून आले. बिनविरोध. २००९, २०१३, २०१७ आणि २०२१ या चारही वेळा असंच घडलं होतं. या क्लबाचा मालक कोणी तेलसम्राट नाही की अमेरिकी गुंतवणूक कंपनी नाही. नव्वद हजारांहून जास्त सभासद हेच मालक आहेत, आणि त्यांना अध्यक्ष निवडण्यासाठी तोवर कित्येक वर्षं मतदान केंद्राची पायरी चढावी लागली नव्हती.

याचं कारण पोटनियमांत आहे. २०१२ मध्ये ते आणखी कडक झाले. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला स्पॅनिश नागरिक आणि वीस वर्षं सभासद असावं लागतं. त्याशिवाय क्लबाच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या १५ टक्के रकमेची बँक हमी स्वतःच्या मालमत्तेवर द्यावी लागते. अंदाजपत्रक शेकडो कोटी युरोंच्या दिशेने चाललेलं असताना अशी हमी देऊ शकणारे किती सभासद सापडणार? बार्सिलोनात २०२१ साली खरीखुरी निवडणूक झाली. ५५ हजारांवर सभासदांनी मतदान केलं, जोआन लापोर्ता ५४ टक्के मतं घेऊन जिंकले, आणि मग सुमारे साडेबारा कोटी युरोंच्या हमीसाठी हमीदार जमवत शेवटच्या घटकेपर्यंत धावत राहिले. मतं हजारो सामान्य माणसांनी द्यायची आणि खुर्चीची किल्ली दोन-चार धनिकांच्या खिशात, असा हा मामला.

आपल्याकडे ‘बिनविरोध’ या बातमीवर गुलाल उधळतात. साखर कारखाना असो, पतसंस्था असो की सोसायटी, ‘सर्वसंमतीने निवड, खर्च वाचला, कटुता टळली’ असा मथळा ठरलेला. मला हे कौतुक कधी पटलं नाही. ज्या संस्थेत हजारो सभासदांमधून एकालाही उभं राहावंसं वाटत नाही किंवा राहता येत नाही, तिथे एकोपा नसतो. तिथे बहुधा आधीच कुठेतरी वाटणी झालेली असते.

माद्रिद-बार्सिलोना फार मोठी नावं झाली. चाहत्यांच्या मालकीचा प्रश्न खरा रंगतो तो इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांत. आणि तो आपल्याला परका वाटू नये, कारण या क्लबांची मालकी किंवा हिस्सा घेण्यासाठी चाहते जे ट्रस्ट काढतात, ते कायद्याच्या दृष्टीने सहकारी संस्थाच आहेत. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी दुकान काढलं, त्याच परंपरेतल्या कायद्याखाली त्यांची नोंदणी होते. वर्गणी कितीही भरा, शेअर कितीही घ्या, सभासदाला मत एकच. १९९२ मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउन कर्जात बुडाला तेव्हा तिथल्या चाहत्यांनी असा पहिला ट्रस्ट काढला, आणि ब्रायन लोमॅक्स हे चाहत्यांनी निवडून दिलेले संचालक म्हणून क्लबाच्या मंडळावर जाऊन बसले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये असे ट्रस्ट गावोगाव झाले.

यातला विम्बल्डनचा किस्सा सर्वांत बोलका आहे. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप ही इंग्लंडमधली मानाची स्पर्धा जिंकणारा हा दक्षिण लंडनचा क्लब. १९९१ मध्ये त्याने प्लाउ लेनचं आपलं मैदान सोडलं आणि दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू म्हणून खेळू लागला. मग मालकांनी क्लबच उचलून मिल्टन कीन्सला, म्हणजे सुमारे नव्वद किलोमीटर दूर न्यायचं ठरवलं. २८ मे २००२ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या तिघांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी त्याला परवानगी दिली. चाहत्यांनी नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असा शेराही त्या निकालपत्रात होता. चाहत्यांनी तो शेरा गुंडाळून ठेवला. जूनमध्ये विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर खेळाडूंच्या निवड चाचण्या झाल्या, दोनशेहून जास्त पोरं आली. १० जुलैला पहिला मैत्रीपूर्ण सामना सटन युनायटेडशी झाला. नवा संघ ०-४ ने हरला. बघायला ४,६५७ माणसं आली होती. नऊ वर्षांत पाच वेळा वरच्या श्रेणीत बढती मिळवून हा एएफसी विम्बल्डन २०११ मध्ये व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. मालक होता ‘डॉन्स ट्रस्ट’, आणि ट्रस्टचं मंडळ सभासदांनी मतदानाने निवडलेलं.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. माझ्या मुद्द्यासाठी २०१९ ची अखेर जास्त महत्त्वाची आहे. प्लाउ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, नवं स्टेडियम उभं राहत होतं आणि पैसे कमी पडले. बोटांवर मोजता येणारी रक्कम नव्हती ती. क्लबाचा कारभार बघणाऱ्यांनी बाहेरच्या गुंतवणूकदारांना मोठा हिस्सा देण्याचा पर्याय पुढे केला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. बांधकाम सुरू होतं, कंत्राटदाराची बिलं येत होती, आणि आकडेमोड जाणणाऱ्या माणसाला तो रस्ता सरळच दिसला असता. पण सभासदांच्या बैठकीत गदारोळ झाला. एकदा मालकाच्या मर्जीने क्लब गमावलेल्या लोकांना पुन्हा मालक नको होता. सभासदांतल्याच काही जणांनी कर्जरोख्यांची योजना मांडली: किमान हजार पौंड घाला, मुदत निवडा, आणि व्याज किती घ्यायचं तेही तुम्हीच ठरवा, शून्य ते चार टक्के. २०२० च्या सुरुवातीला काही आठवड्यांत पन्नास लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. ३ नोव्हेंबर २०२० ला नव्या प्लाउ लेनवर पहिला सामना झाला, तोही कोविडमुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर. ट्रस्टचा बहुमताचा हिस्सा शाबूत राहिला.

त्या बैठकीआधी मंडळावर जे बसले होते त्यांत हिशेब कळणारे लोक नव्हते असं नाही. कळत होता म्हणून तर ते विक्रीच्या पर्यायापाशी आले. हिशेबाच्या पलीकडचं ‘हे आपण करायचं नाही’ हे वाक्य वेळेवर उच्चारणारा माणूस त्या खोलीत हवा होता, आणि ते वाक्य शेवटी सभागृहातून आलं. ट्रस्टच्या निवडणुकीत मत देताना सभासदाने शोधायचा तो हा माणूस.

पण बहुतेक ठिकाणी चर्चा उलट दिशेने चालली आहे. ‘क्लब आता मोठा झाला, उलाढाल लाखो पौंडांची, मंडळावर व्यावसायिक हवेत.’ म्हणजे एक सनदी लेखापाल, एक वकील, एक बांधकामातला, एक मार्केटिंगवाला. मग एक छाननी समिती नेमायची, तिने उमेदवारांची ‘कौशल्यं’ तपासायची आणि शिफारस केलेली नावं मतपत्रिकेवर वेगळी दाखवायची. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. परिणाम मात्र असा होतो की सध्याचं मंडळच पुढचं मंडळ ठरवू लागतं. बँक हमी मागून माद्रिदने जे साधलं, ते इथे अर्जाच्या रकान्यांनी साधतं.

लेखापाल पगारावर मिळतो. वकील फी घेऊन मिळतो. बरेचदा सभासदांमधलाच एखादा वकील मैदानावरच्या कँटीनमध्ये चहाच्या कपावर फुकट सल्ला देतो. नोकरीवर ठेवता येणारी गोष्ट निवडणुकीतून मिळवायची कशाला? निवडून द्यायची ती पारख: नोकरीवर ठेवलेल्या तज्ज्ञाने ठेवलेला कागद बघून ‘हे पुन्हा समजावून सांगा’ म्हणण्याची.

आपल्या सहकाराच्या कायद्याने यावर एक मधला रस्ता काढलेला आहे, आणि तो मला इंग्रजी ट्रस्टांहून शहाणा वाटतो. ९७व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थेच्या मंडळावर जास्तीत जास्त २१ संचालक आणि त्यांच्याशिवाय दोनपर्यंत तज्ज्ञ संचालक घेण्याची मुभा दिली. पण या तज्ज्ञांना पदाधिकाऱ्यांच्या निवडीत मत नाही आणि स्वतः पदाधिकारी होण्याचा हक्कही नाही. बसा, ऐका, खडसावून सांगा, पण सत्तेच्या गणितात तुमचं वजन नको. प्रत्यक्षात आपल्याकडे तज्ज्ञ संचालकाच्या खुर्चीवर पडलेला उमेदवार किंवा साहेबांचा माणूस बसवतात, हे मला ठाऊक आहे. तो दोष वापरणाऱ्यांचा. तरतूद चांगली आहे.

आता दुसरी बाजू. निवडून आलेले हौशी लोक गोंधळ घालतात, हा आक्षेप खोटा नाही. ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतल्यावर २००५ मध्ये रागावलेल्या चाहत्यांनी काढलेला एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर घ्या. एक सभासद, एक मत. दहा वर्षांत स्वतःचं मैदानही झालं, ब्रॉडहर्स्ट पार्क. आणि लगेच २०१६ मध्ये सभासद विरुद्ध कारभारी असा वाद पेटला: माहिती दडवतात, विचारलं तर उत्तर देत नाहीत. संचालकांचे राजीनामे झाले, महाव्यवस्थापक पायउतार झाले, नव्याने निवडणूक घ्यावी लागली. बघणारे म्हणाले, पाहा, लोकशाहीने क्लब चालत नाही. मी यातून वेगळं वाचतो. तिथला राग अननुभवावर नव्हता, मौनावर होता. आणि कारभारी बदलण्यासाठी त्यांना कोणाच्या मरणाची किंवा दिवाळखोरीची वाट बघावी लागली नाही. सभा बोलावली, मतपेटी ठेवली, माणसं बदलली. क्लब आजही सभासदांचाच आहे.

हौशी लोकांना कारभार जमत नाही म्हणणाऱ्यांनी एक्झिटरकडेही बघावं. २००३ मध्ये एक्झिटर सिटी व्यावसायिक लीगमधून खाली घसरला, जुन्या कारभाऱ्यांपर्यंत पोलिस पोहोचले, आणि तिजोरीत खडखडाट. ट्रस्टने क्लब हाती घेतला. जानेवारी २००५ मध्ये एफए कपात ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी ०-० बरोबरी झाली, फेरसामना पदरात पडला, आणि त्या दोन सामन्यांच्या उत्पन्नाने कर्जाचा डोंगर उतरला. ते नशीब म्हणा. पण पुढे अकादमीतून पोरं घडवून विकण्याचा जो रतीब त्यांनी लावला, ते नशीब नव्हे. ऑली वॉटकिन्सला २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला विकताना पुढच्या विक्रीतला वाटा करारात राखून ठेवला होता. २०२० मध्ये तो ॲस्टन व्हिलाला गेला तेव्हा एक्झिटरला पुन्हा पैसे मिळाले. घाईला आलेला मालक असा वाटा सोडून आज रोख किती ते विचारतो.

मग उमेदवाराला विचारायचं काय? ट्रस्टच्या निवडणुकीतली निवेदनं वाचली की एक साचा दिसतो. ‘लहानपणी वडिलांचा हात धरून पहिला सामना पाहिला, तेव्हापासून सीझन तिकीट, पारदर्शकता वाढवीन, संवाद सुधारीन, तरुणांना जोडीन.’ यात खोटं काही नसतं आणि त्यावरून दोन उमेदवारांतला फरकही कळत नाही. वडिलांचा हात सगळ्यांनीच धरलेला असतो. माझ्या मते विचारायची गोष्ट एकच, पण टोचणारी: ट्रस्टचा हिस्सा ५० टक्क्यांच्या खाली नेण्याच्या बाजूने तुम्ही कोणत्या परिस्थितीत हात वर कराल? ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही, कारण वेळ आली की तोच आधी डगमगतो. ‘परिस्थिती बघून ठरवू’ म्हणणारा तर हातातून निसटलाच. ज्याच्याकडे उत्तर तयार आहे, म्हणजे किती तूट, किती महिने, आधी कोणकोणते मार्ग संपलेले, सभासदांना केव्हा सांगणार, त्याला मत द्यावं.

विकणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही. २००८ मध्ये एफए कप जिंकलेला पोर्ट्स्मथ पाच वर्षांत चौथ्या श्रेणीत जाऊन पडला. २०१३ मध्ये चाहत्यांनी हजार-हजार पौंडांचे शेअर घेऊन तो बंद पडण्यापासून वाचवला, कर्ज फेडलं, २०१७ मध्ये चौथ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं. आणि त्याच वर्षी डिस्नेचे माजी प्रमुख मायकल आयस्नर यांच्या कंपनीने ५६ लाख ७० हजार पौंडांची बोली लावली तेव्हा ट्रस्टच्या मतदानात ८० टक्क्यांहून जास्त मतं विक्रीच्या बाजूने पडली. मी तिथला सभासद असतो तर विरोधात मत दिलं असतं. पण तो निर्णय वैध होता: प्रस्ताव समोर ठेवला, बोली लावणारा स्वतः येऊन बोलला, प्रश्नोत्तरं झाली, मग मतदान.

याच्या अगदी उलट वेल्समधला स्वॉन्झी. तिथे ट्रस्टकडे २१ टक्के हिस्सा होता आणि मंडळावर चाहत्यांचा निवडलेला संचालक होता. क्लब प्रीमियर लीगमध्ये होता, सगळीकडे या नमुन्याची तारीफ चालली होती. २०१६ मध्ये बाकीच्या भागधारकांनी अमेरिकी खरेदीदारांशी बोलणी करून बहुमताचा हिस्सा विकला, आणि ट्रस्टला त्या बोलण्यांत घेतलंच नाही. मंडळात एक खुर्ची असणं आणि खोलीत काय शिजतंय ते कळणं, यात केवढं अंतर आहे ते तेव्हा दिसलं. प्रकरण वकिलांकडे गेलं आणि तडजोड व्हायला २०२२ उजाडलं. म्हणून निवडून दिलेल्या एकट्या-दुकट्या प्रतिनिधीवर फार भिस्त ठेवू नये. बहुमताचा हिस्सा ट्रस्टकडे नसेल, तर ज्याला आपण निवडतो तो प्रतिनिधी कमी आणि पाहुणा जास्त.

मतदानाच्या पद्धतीबद्दल थोडं. सहा जागा आणि प्रत्येक सभासदाला सहा मतं, अशी पद्धत असली की ५१ टक्के लोकांचा गट सहाच्या सहा जागा घेऊन जातो. आपल्याला हे शिकवायला नको. ‘कपबशीवर शिक्का मारा, पॅनेल टू पॅनेल’ म्हणत संपूर्ण मंडळ एका गटाचं झालेलं आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. त्यापेक्षा पसंतीक्रमाने मतदान घ्यावं आणि दरवर्षी फक्त काही जागा रिकाम्या व्हाव्यात. लागोपाठ किती मुदती, यालाही हद्द हवी. आणि मत सभागृहात हजर असणाऱ्यांपुरतं ठेवू नये. बायर्न म्युनिकचे सभासद लाखोंच्या घरात आहेत, पण वार्षिक सभेत मत देता येतं ते हॉलमध्ये बसलेल्या मूठभरांना. नोव्हेंबर २०२१ मध्ये कतारच्या प्रायोजकत्वाविरुद्धचा ठराव मतदानाला घ्यायचंच नाकारलं गेलं, तेव्हा हॉलमध्ये काय आरडाओरडा झाला ते सगळ्या जगाने पाहिलं. निदान ते लोक हॉलमध्ये होते, म्हणून ओरडू शकले.

आपल्याकडे हा प्रश्न येणारच नाही असं समजू नका. कोलकात्याचा मोहन बागान १८८९ चा, म्हणजे विम्बल्डनच्याच वयाचा. सभासदांचा क्लब, कार्यकारिणीच्या निवडणुका होतात. पण २०२० मध्ये फुटबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा एका उद्योगसमूहाकडे गेला आणि नावापुढे त्या समूहाच्या आधीच्या संघाचं ‘एटीके’ लागलं. ती अक्षरं पुसायला चाहत्यांना तीन वर्षं आंदोलन करावं लागलं. कार्यकारिणी कोणाची यावर तिथे अटीतटीने बोललं जातं, पण संघाचा निर्णय घेणारं टेबल आता वेगळ्या इमारतीत आहे. गोव्यात तर विचारायला सभासदच नव्हते: २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, तो निर्णय मालकांचा आणि मालकांपुरता होता. कोल्हापूरची गोष्ट निराळी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ पेठेचे म्हणून ओळखले जातात, शाहू स्टेडियम त्यांच्यासाठी भरतं, वर्गणी पेठ देते. पण बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडू येऊ लागले, मोठे देणगीदार आले, तशी ‘संघ पेठेचा’ याला कागदावर काय आधार, हा प्रश्न जवळ येतोय. सभासदांची वही, पोटनियम आणि दरवर्षी खरी निवडणूक, एवढं देणगीदाराचं नाव जर्सीवर येण्याआधी झालेलं बरं.

निवडून दिल्यावरचा एक नियम मात्र मी कुठल्याही ट्रस्टात आग्रहाने मागेन. सभासदाचं मत गुप्त असावं, प्रतिनिधीचं मत उघड. व्यवहाराच्या बोलण्यांत गोपनीयता पाळावी लागते, मान्य. पण व्यवहार संपला की कोणी कोणत्या बाजूला हात वर केला ते इतिवृत्तात नावानिशी यावं, आणि ते इतिवृत्त पुढच्या निवडणुकीच्या अर्जांआधी सभासदांच्या हाती पडावं. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगने बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा की नाही यावर क्लबांचं मतदान घेतलं. दोन तृतीयांश हवे होते. ३६ पैकी बरोबर २४ मतं बाजूने पडली. हॅनोव्हरच्या सभासदांच्या क्लबाने आपले प्रतिनिधी मार्टिन किंड यांना ‘नाही’ म्हणण्याचा स्पष्ट आदेश दिला होता. मतदान गुप्त होतं आणि किंड यांनी आपलं मत सांगायला नकार दिला. देशभर मैदानांवर टेनिस बॉलचा पाऊस पडला, सामने थांबले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो बेत सोडून दिला. पण स्वतःच्या प्रतिनिधीने आदेश पाळला की नाही, हे हॅनोव्हरच्या सभासदांना इतर क्लबांनी जाहीर केलेल्या मतांची बेरीज-वजाबाकी करूनच ताडावं लागलं.